डाव्या खिशातले काजू

मालवणच्या बाजारपेठेत सकाळचे साडेनऊ वाजले हे कळायला कुणाला घड्याळ लागत नसे. भाई तिरोडकर वकिलांच्या कचेरीच्या फळ्या निघाल्या की साडेनऊ. फळ्या काढणारा विश्राम, भाईंचा कारकून. अंगाने काडी, कानावर पेन्सिल आणि काखेत डायरी. समोरचा सोडावॉटरवाला शंकर म्हणायचा, विश्रामची खरी बायको ती डायरीच, तुळसा आपली रांधायला ठेवलेली. तुळसाच्या कानावर हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "डायरेक भाकरी भाजूक येयत नाय, म्हणान माझी सोय झाली."

फळ्या काढल्या की विश्राम भाईंची खुर्ची पुसायचा, भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायचा, खुंटीवरचा काळा कोट मागच्या खिडकीत उन्हाला टाकायचा आणि तासाभराने परत खुंटीला लावायचा. लावताना कोटाच्या डाव्या खिशात हात घालून काहीतरी चाचपायचा. हे सगळं यथासांग झालं की पायरीवरच्या बाकावर येऊन बसायचा.

गंमत एवढीच, की त्या कचेरीत वकील नव्हते. भाई १९८० च्या जानेवारीत निवडून आले आणि दिल्लीला गेले. पहिल्या वर्षी दोनदा येऊन कोर्टात उभे राहिले, मग तेही संपलं. विश्राम मात्र रोज हजर. बाकावर बसून तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, मनिऑर्डरी भरायचा, रेशनकार्डावरची नावं दुरुस्त करून द्यायचा. त्यावर त्याचं आणि तुळसाचं भागत होतं. पण कितीही गर्दी झाली तरी आतल्या मेजाला त्याने हात लावला नाही. तो बाकावरचा धंदा त्याचा, आतलं भाईंचं.

"वकील नाय, पक्षकार नाय, कारकून हजर," शंकर रोज ठरल्या वेळी म्हणायचा.

"तुझ्या सोड्यात ग्यास नाय, तरी दुकान उघडतंस मां?" विश्रामचंही उत्तर ठरलेलं.

यामागचं कारण पेठेत सर्वांना ठाऊक होतं. दिल्लीला निघताना गळ्यात झेंडूचे हार, एक पाय गाडीत, एक रस्त्यावर, असे भाई मागे वळून म्हणाले होते, "विश्राम, कचेरी उघडी ठेव. मी येतंय." आता निवडून आलेला माणूस गाडीत चढता चढता जे बोलतो ते किती मनावर घ्यायचं, हा प्रश्न अख्ख्या मालवणला पडला. एकट्या विश्रामला पडला नाही.

भाई आणि विश्राम दोघेही आंबेरणचे. मालवणपासून आत, डोंगराच्या कुशीतलं भातशेतीचं गाव. भाईंच्या वडिलांचा आंब्याचा व्यापार, म्हणून भाई मुंबईला जाऊन वकील झाले. विश्रामच्या वडिलांकडे भाताचे दोन कुणगे, म्हणून विश्राम सातवी होऊन त्यांचा कारकून झाला. वर्ष १९५४. कचेरीला तेव्हा एकच खुर्ची होती आणि पक्षकार आला की भाई उभे राहायचे.

भाईंचं नाव झालं ते देवबागच्या रापणीच्या दाव्यात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पंचवीस-तीस जणांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. कुठल्या टप्प्यावर कुणी ओढायचं यावरून दोन वाड्या भांडत कोर्टात आल्या. समोरच्या वाडीचा साक्षीदार मोठा पक्का होता. भाईंनी विचारलं, "त्या दिवशी जाळं ओढलं कोणी?" तो म्हणाला, "आमी." भाईंनी डाव्या खिशात हात घातला. सकाळी न खाताच घरून निघालेले, म्हणून खिशात भाजलेले काजू टाकून आणले होते. एक तोंडात टाकला आणि साक्षीदाराकडे बघत शांतपणे चावत राहिले. दुसरा टाकला. कोर्टात त्या चावण्याशिवाय आवाज नाही. तिसऱ्या काजूला साक्षीदाराला घाम फुटला. "म्हणजे, आमी थंय होतो," तो म्हणाला, "ओढल्यानी त्येंनीच."

तेव्हापासून तो खिसा भरण्याचं काम विश्रामकडे आलं. तुळसा घरी काजू भाजायची, विश्राम सकाळी मूठभर कोटात टाकायचा. शेकडो साक्षीदार त्या काजूंनी फोडले. विश्रामच्या पाहण्यात बहुतेक सगळे तिसऱ्यालाच फुटले. चौथ्यापर्यंत टिकला तो एकच, आणि तो बहिरा होता.

मग पैसा आला. कुळकायद्याचे दावे आले, मुंबईच्या आंबेवाल्यांचे आले. देवगडला कलमांच्या दोन बागा झाल्या, दुमजली घर झालं, दारात अँबॅसिडर आली. भाईंची फी ऐकून पक्षकार आधी बसायचा आणि मग पाणी मागायचा. गरिबाकडून मात्र भाई शहाळ्यांवर काम करत, आणि त्यातली अर्धी विश्रामच्या घरी जात. लोक उगाच निवडून देत नाहीत. ऐंशी साली दिलं, चौऱ्याऐंशीला पुन्हा दिलं, आणि त्यानंतर रेडिओने सांगितलं की भाई केंद्रात अर्थखात्याचे उपमंत्री झाले. शंकरने त्या दिवशी सोडा फुकट वाटला. विश्राम एवढंच म्हणाला, "थंय खिशात काजी कोण घालता?" लोकसभेत एका प्रश्नाला भाईंनी घाईघाईत उत्तर दिलं आणि गडबड झाली, असं पेपरात आलं, तेव्हाही त्याने कारण तेच सांगितलं. देशाच्या तुटीचंही तेच कारण असावं, असं त्याचं खाजगी मत होतं.

पत्रं यायची. पहिल्या वर्षी भाईंच्या हातची, तिरक्या अक्षरातली. मग टाइप केलेली, खाली सही. मग नववर्षाचं छापील कार्ड, खाली सही. शहाऐंशीच्या कार्डावर सहीचा शिक्का होता. विश्रामने सव्वीस वर्षं ती सही वाळवली होती; त्याला अंगठ्याने घासून बघायची गरज पडली नाही. कार्ड त्याने डायरीत ठेवलं आणि तुळसाला सांगितलं नाही. तुळसाने डायरी झटकताना बघितलं आणि त्याला सांगितलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर भाईंचा भाचा सत्यवान कचेरीच्या पायरीवर येऊन बसला. मुलगा वाईट नव्हता. मुंबईला दोन वर्षं राहून आला होता आणि डोक्यात व्हिडिओ घेऊन आला होता. पेठेतली मोक्याची जागा, टीव्ही लावायचा, बाकडी टाकायची, तिकिटं लावायची.

"मामान होय म्हटल्यानी हा," तो म्हणाला. "कागद तयार आसा. डिसेंबरात गावाक येतत, थंयच सही करतले. तुमका मी दारार बसवतंय, विश्रामकाका. तिकिटां फाडूक."

विश्रामने त्याला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी फळ्या सव्वानऊला निघाल्या आणि बाजारपेठेतल्या तिघांनी आपली घड्याळं पुढे केली.

त्याला बोचलं ते तिकीट फाडणं नव्हे. भाईंनी होय म्हटलं, हे बोचलं. उघडी ठेव म्हणाले ते खरं, की हे खरं? खरं हे असेल तर सात वर्षं आपण कुणाची वाट बघितली, हे त्याला डिसेंबरात कळणार होतं.

आणि डिसेंबरची तारीख त्यानेच दिलेली. आंबेरणकरांनी भाईंचा सत्कार ठरवला, तेव्हा सगळे म्हणाले, तारीख विश्रामकडून घ्या, त्याची तारीख चुकत नाही. विश्रामच्या डायरीचा एक नियम होता. अधांतरी असेल ते पेन्सिलीने, पक्कं झालं की शाईने. त्याने पानं चाळली. भातकापणी झालेली, आंब्याला मोहोर अजून यायचा, डिसेंबरातला दुसरा शनिवार कोरा. त्याने शाईने लिहिला. दिल्लीहून होकार आला, शाळेच्या पटांगणात मांडव पडला.

मग देवाने कौल दिला.

आंबेरणात तीन-चार वर्षांनी एकदा गावपळण असते. ग्रामदैवताच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली की होकार. होकार आला की ठरल्या दिवशी सगळं गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट, वेशीबाहेर ओढ्यापलीकडे जाऊन माडाच्या झापांच्या झोपड्यांत राहतं. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि देव या म्हणाला तर परत. का, असं कुणी विचारत नाही. घर तुमचं असलं तरी गाव देवाचं, एवढं त्यातून कळावं अशी सोय असावी. आणि कौल होईपर्यंत त्या दिवसांची तारीख कुणी बोलायची नाही, लिहायची तर नाहीच. न्यायाधीशाच्या आधी निकाल लिहिणं म्हणजे ते, असं स्वतः विश्रामच म्हणायचा.

म्हणून डायरीतलं पान कोरं होतं. यंदा पळणीचं वर्ष आहे हे आंबेरणात तान्ह्या पोरालाही माहीत होतं, पण सत्काराच्या आनंदात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. विश्रामने डायरी बघितली आणि कोऱ्या पानावर विश्वास ठेवला. कौल पडला तो शुक्रवारपासूनचा. शनिवारी गाव रिकामं.

सत्यवान धावत मानकरी दाजींकडे गेला.

"दाजीनू, मामा दिल्लीसून येतत. देवाक सांगान चार दिस फुडे ढकला."

दाजी पान लावत होते. "तुझो मामा थंय कोण?"

"अर्थखात्याचो उपमंत्री."

"उप म्हणजे त्येच्या वर आणखी कोणतरी आसा," दाजी चुना लावत म्हणाले. "आमच्या देवाच्या वर कोण नाय."

विश्रामने तार केली. दिल्लीहून उलट तार आली, कार्यक्रम निश्चित. कुणीतरी न वाचताच पाठवली होती.

शनिवारी सकाळी अकराला ओढ्याच्या मोरीशी गाड्या थांबल्या. विश्राम तिथे इस्त्रीचा सदरा घालून, डायरी काखेत घेऊन उभा होता. मागे ओढ्यापलीकडे झोपड्या, धूर, हंबरणारी गुरं. पुढे रिकामं गाव, आणि शेतांपलीकडे शाळेच्या पटांगणात पताका लावलेला मांडव. एक माणूस नाही. भाई उतरले. केस पांढरे झाले होते, अंगावर दिल्लीचं जाकीट होतं.

नव्याने आलेले तहसीलदार पुढे झाले. "साहेब, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. मांडव तयार आहे. खुर्च्यांवर आपले कर्मचारी बसवतो. सत्कार आम्ही करतो."

"तुमची माझी ओळख केव्हापासूनची?" भाईंनी विचारलं.

तहसीलदार प्रामाणिक होते. "साहेब, सकाळी साडेआठपासूनची."

भाई हसले. मग विश्रामकडे वळले. "तारीख कोणी दिल्यान रे ही?"

"मीच."

"डायरी बघून?"

"डायरी बघून."

"सव्वीस वर्सांत तुझी एक चुकली नाय. आणि चुकली ती देवाच्या कोर्टात." भाईंनी पायातले बूट काढून गाडीत टाकले आणि ओढा ओलांडून सरळ विश्रामच्या झोपडीत येऊन झापावर बसले. जन्म आंबेरणचा, वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही हे त्यांना कुणी सांगायला लागलं नाही.

तुळसाने पेज वाढली, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची किसमूर वाढली. भाई दोनदा जेवले. झोपडीच्या दाराशी हळूहळू गर्दी झाली. हार मांडवात राहिले होते, म्हणून दाजींनी त्यांना पानसुपारी दिली, आणि सत्कार म्हणाल तर तेवढाच झाला. सगळे निवांत झाले तसा सत्यवानने कागद पुढे केला.

भाईंनी चष्मा लावला, पेन काढलं. वकिलाची सवय, वाचल्याशिवाय सही नाही. "'सदर कचेरी कित्येक वर्षे बंद असून वापरात नसल्याने...'" ते मोठ्याने वाचता वाचता थांबले. विश्राम ओढ्याकडे तोंड करून बसला होता.

"विश्राम, कचेरी बंद आसा मां?"

चार माणसांत वकिलाच्या हातातला कागद खोटा म्हणायचा नाही, हे विश्रामच्या हाडात होतं. "कागदात तसा लिवलेला आसा," तो म्हणाला.

भाईंनी त्याच्या पाठीकडे बघितलं. त्यांचा हात आपोआप जाकिटाच्या डाव्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. तुळसाच्या आलं. तिने गाठोडं सोडलं, पुरचुंडी काढली आणि पानावर मूठभर भाजलेले काजू त्यांच्यापुढे ठेवले. ठेवून ती विश्रामच्या समोर जाऊन बसली, म्हणजे त्याला तोंड फिरवायला जागा राहू नये.

भाईंनी एक काजू तोंडात टाकला. शांतपणे चावत राहिले.

विश्रामला कळलं. सगळी युक्ती त्याच्या डोळ्यांदेखत घडलेली, खिसा त्याने भरलेला. आपण काही देवबागचे साक्षीदार नव्हे, असं त्याने मनाशी म्हटलं आणि डायरी घट्ट धरली. पहिला काजू संपला. दुसरा काजू भाईंनी फारच सावकाश चावला. ओढ्याचं पाणी वाजत होतं. भाईंनी तिसरा उचलला.

"साडेनवाक उघडतंय," विश्राम म्हणाला.

"कोण उघडता?"

"मीच. रोज. रविवार सोडून." आणि मग थांबता आलं नाही. खुर्ची पुसतो, घड्याळाला चावी देतो, कोटाला कसर लागेल म्हणून ऊन दाखवतो, सगळं बाहेर आलं. "आणि खिशात काजी घालतंय."

"सात वर्सां?"

"शनवारी बदलतंय. खवट होतत."

"जुने कोण खाता?"

विश्रामने डायरी काखेत सरकवली.

"सांगा आता," तुळसा म्हणाली.

"मीच खातंय."

सगळी झोपडी हसली. भाईही हसले, पण लवकर थांबले आणि चष्मा काढून हातात धरून बसले. "एक पत्र घालूक येयत नाय होता तुका? उघडी आसा म्हणान?"

"तुमी सांगलास उघडी ठेव. उघडी ठेवली ता कित्या कळवूचा? बंद केली असती तर कळवलं असतंय."

भाईंनी कागदाची घडी घातली आणि सत्यवानच्या हातात दिली. "ह्येच्यात तथ्याची चूक आसा. सही करूक येवची नाय. तुझो व्हिडिओ माझ्या घराच्या माडयेर लाव, भाडा नको." मग विश्रामकडे वळून जुन्या आवाजात म्हणाले, "फुडची तारीख दे."

विश्रामने डायरी उघडली. या वेळी आधी दाजींकडे बघितलं. दाजींनी हात हलवून, देवाचं काही नाही, अशी खूण केली. "उन्हाळ्याची सुटी संपून कोर्ट उघडता तो जूनचो सोमवार," तो म्हणाला. कानावरची पेन्सिल काढली, आणि थांबला. "पेन्सिलीन लिवू?"

भाईंनी एकदा पेन्सिलीकडे बघितलं. मग सही करायला काढलेलं पेन त्याच्यापुढे धरलं. "शाईन लिव."

मार्चमध्ये रेडिओने सांगितलं की मंत्रिमंडळात बदल झाले. नवीन नावांत भाई नव्हते. नुसते खासदार राहिले. शंकरने सोड्याची बाटली फोडता फोडता बातमी पेठभर केली. "काडलो म्हणान येतलो आता. नायतर खंय येता?"

संध्याकाळी फळ्या लावून झाल्यावर विश्राम रस्ता ओलांडून गेला, डायरी उघडून त्याच्यापुढे धरली. "शाई बघ. डिसेंबरची आसा. तुझो रेडिओ मार्चचो."

जूनच्या त्या सोमवारी फळ्या नऊलाच निघाल्या. कोट झटकला, खिसा ताज्या काजूंनी भरला. दहा वाजता देवबागची काशीबाई आली आणि बाकावर बसली. रापणीच्या दाव्यात घाम फुटलेल्या त्या साक्षीदाराची ही सून. दिराने तिचा माडांचा तुकडा बळकावला होता. "सासरो मरताना सांगान गेलो," ती म्हणाली, "कोर्टात जाशीत तर त्या काजीवाल्याकडेच जा. समोर नको, बाजून बस."

साडेदहा झाले. अकरा झाले. विश्राम आत जायचा, खुर्ची पुसायचा, कोटाजवळ उभा राहायचा, बाहेर यायचा. साडेअकरा. शंकर आज काही बोलला नाही, आणि ते विश्रामला जास्त लागलं. काशीबाईने विचारलं, "येतले मां?" तो म्हणाला, "शाईन लिवलेला आसा," आणि पुन्हा आत गेला.

बाराला पाच कमी असताना भाई चालत आले, हातात पिशवी, धोतराला ग्रीसचा डाग. गाडी तळेऱ्याला बंद पडली होती, तिथून एस्टीने आलेले. "उशीर झालो," एवढंच म्हणाले. विश्रामने खुंटीवरचा कोट काढून धरला, भाईंनी हात घातले. बटण पोटावर लागेना, ते दोघांनीही बघितलं नाही असं केलं. भाई खुर्चीत बसले. काशीबाई समोर बसू लागली, मग आठवण होऊन बाजूला बसली आणि सगळी हकीकत सांगून मोकळी झाली.

भाईंनी एकच प्रश्न विचारला. "माड लावल्यान कोणी?" आणि सवयीने डाव्या खिशात हात घातला.

हात आतच राहिला. खिसा रिकामा होता. भाईंनी विश्रामकडे बघितलं. नऊपासून बाराला पाच कमीपर्यंत, कोटाजवळ उभा राहून राहून, एकेक करून विश्रामने सगळे संपवले होते.

"इलंय," विश्राम म्हणाला आणि चपला न घालताच पायऱ्या उतरला.

"वकील हजर, पक्षकार हजर," शंकर समोरून म्हणाला, "कारकून खंय चल्लो?"

विश्रामने वळून पाहिलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच तो कचेरी उघडी टाकून बाहेर पडला होता, आणि मागे राखायला कोण, याची त्याला काळजी नव्हती.